हवालदारांचा एकुलता परदेशी

माणसाने आपण कुठून आलो हे विचारल्याशिवाय सांगू नये, आणि पोलिसांनी विचारलं तर आधी चहा मागवून विषय बदलावा. हे शहाणपण मला सुचलं तेव्हा चिचगव्हाणला येऊन तीन वर्षं झाली होती आणि उशीरही झाला होता.

तोवर माझं उत्तम चाललं होतं. गावाला माझ्याबद्दल दोनच गोष्टी ठाऊक होत्या. मडकईकर मास्तर हायस्कुलात गणित शिकवतो, आणि ज्वारीची भाकरी मोडायला दोन्ही हात लावतो. पहिली गोष्ट विद्यार्थ्यांना ठाऊक होती, दुसरी सगळ्यांना. माझ्या घरमालकीण सत्यभामाबाई तर आळीतल्या बायांना मुद्दाम माझ्या जेवणाच्या वेळेला बसायला बोलवत. कुणी हसत नसे. गंभीरपणे बघत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एकसष्ट सालचा पोळा झाला त्या आठवड्यात हेडमास्तर भगवानरावांनी मला खोलीत बोलावलं.

"मास्तर, तुमाले आता कायम करून टाकू म्हणतो."

मी संकोचाने खाली बघितलं. अशा वेळी खाली बघायचं असतं.

"एक कागद तेवढा पाह्यजे. रहिवासी असल्याचा दाखला. डिसेंबरच्या एकतीसच्या आत."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर एक जानेवारीले पेपरात जाहिरात. कमिटीचा ठराव हाये. पण मिळणार कसा नाई? एका कागदाचं काम. अर्ध्या दिवसाची रजा घ्या."

मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. तो अर्धा दिवस पुढे साडेतीन महिने चालला.

आणि मला तो कागद हवाच होता. नोकरी गेली तर माणूस आपल्या गावी जातो. माझं गाव मडकई, ते गोव्यात. गोव्यात पोर्तुगीज, आणि सरहद्द बंद. थोडक्यात, तिकडे जायला रस्ता नव्हता आणि इकडे राहायला कागद नव्हता.

तहसील कचेरीतल्या कारकुनाने माझा अर्ज दोन बोटांत धरून सांगितलं, "ठाण्यातून ना-हरकत आणा." मी ठाण्यात गेलो. तिथे हवालदार देवराव बसले होते. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिच्या जागी सुतळी, ती कानाला गुंडाळलेली. नाव विचारलं, धंदा विचारला.

"मूळ गाव?"

"मडकई."

"तालुका?"

"फोंडा."

"जिल्हा?"

"गोवा," मी म्हणालो.

देवरावांचा टाक थांबला. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग उठून कपाट उघडलं आणि लाल फडक्यात बांधलेलं एक बाड, पोथी आणावी तसं दोन्ही हातांवर आणलं. वर लिहिलं होतं: परकीय इसमांची नोंदवही.

"अकरा वर्सं झाले मास्तर," ते जड आवाजात म्हणाले, "दर महिन्याले ह्याच्यात 'निरंक' लिहून राह्यलो. एक माणूस आला नाई. माझा साडू हाये वर्धेकडं ठाण्यात. त्याच्या वहीत दोन जर्मन अन् एक जपानी. सणावाराले भेटला का पह्यले जपान्याचंच सांगते."

"पण हवालदारसाहेब, दिल्लीचं सरकार म्हणतं गोवा भारताचाच, गोवेकर आपलेच."

"म्हणत अशीन. दिल्लीचं पत्र ह्या ठाण्यात आलं नाई. तिथं आज राज्य कोणाचं?"

"पोर्तुगीजांचं."

"झालं तं मंग!"

आणि त्यांनी माझं नाव लिहिलं. इतक्या सुंदर अक्षरात माझं नाव माझ्या मुंजीच्या पत्रिकेतही नव्हतं. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "गुरुदास… ह्याच्याहून जरा परदेशी नाव नाई का?" मी नाही म्हणालो. "असू द्या," ते उदारपणे म्हणाले. 'डोळ्यांचा रंग' या रकान्यापाशी त्यांनी माझ्याकडे बराच वेळ आशेने बघितलं, आणि सुस्कारा टाकून 'काळा' लिहिलं.

नियम दोन. दर सोमवारी ठाण्यात येऊन सही करायची आणि विचारल्याशिवाय तालुका सोडायचा नाही.

"आणि माझं ना-हरकत?"

"परकीय इसमाले रहिवाशी दाखला? असं कसं होईन?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "अन् झाला तं माझी वही पुन्हा निरंक. तुमी शिकलेले माणसं, तुमीच सांगा."

माणूस प्रामाणिक होता. त्याचा फार त्रास झाला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. इतके दिवस सत्यभामाबाई मला पितळी पेल्यात चहा देत. त्या दिवशी कपबशी आली. बशीवर गुलाब होता. आळीतल्या बाया आल्या, पण आता लांब बसल्या. मी भाकरी दोन्ही हातांनी मोडली तेव्हा त्यांच्यात एक समाधानाची कुजबुज झाली. तीन वर्षांचं कोडं सुटलं होतं.

फक्त सत्यभामाबाईंना कागदाचं काही पटेना. "मास्तर, मी ह्याच ओसरीत बसल्या बसल्या चार राज्यं पाह्यले. मध्यप्रांत झाला, मध्यप्रदेश झाला, मंग मुंबई, आता महाराष्ट्र. चारी येळा मी हालली नाई. कोणी मले कागद मागला नाई. तुमीबी हालू नोका. राज्य आपोआप बदलते."

शेजारी उकंडा शिंपी राहायचा. त्याचा सल्ला वेगळा होता. "कोट शिवा. परदेशी माणूस पायजम्यात बरा दिसत नाई. लोकाईचा भरोसा बसत नाई." मी नको म्हणालो तरी त्याने बोलता बोलता माप घेतलं. सल्ला देताना माप घ्यायचं, ही त्याच्या हाताला लागलेली खोड होती.

पुढच्या शनिवारी भगवानरावांनी शाळेत माझं व्याख्यान ठेवलं: 'परदेशातील जीवन'. मी याच शाळेत तीन वर्षं रोज पाच तास बोलत होतो, पण त्या दिवशी खुर्च्या मागवाव्या लागल्या. मी सांगितलं की आमच्याकडे भात खातात, पाऊस पडतो आणि देवळं आहेत. सभेत चुळबुळ सुरू झाली.

"तिकडची भाषा बोलून दाखवा!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी कोकणीत म्हणालो, "हांव जेवलां."

पहिल्या रांगेतला एक व्यापारी उठला. "म्हंजे जेवले. हे तं कळलं!"

"मलेबी कळलं," दुसरा म्हणाला.

"मंग परदेशी कायचे हे?"

सभेत फसवणूक झाल्याची भावना पसरली. घराकडे जाताना मला स्पष्ट झालं की कचेरीसाठी मी फार परका होतो आणि गावासाठी पुरेसा परका नव्हतो. दोन्ही बाजूंनी नापास होण्याची पाळी गणिताच्या मास्तरावर सहसा येत नाही.

ऑक्टोबर गेला. तहसीलच्या कारकुनाने नवा मार्ग सांगितला. यवतमाळच्या एका कचेरीतून 'हा इसम नेमका कुठला' याचा खुलासा आणायचा. पण यवतमाळला जायचं तर तालुका सोडावा लागणार, आणि तालुका सोडायला मला परवानगी नव्हती. देवरावांनी दोन दिवस विचार करून तोड काढली. ते स्वतः सोबत येणार.

दारव्ह्यापर्यंत मोटारीने, आणि तिथून यवतमाळची छोटी गाडी. डब्यात शिरताच देवरावांनी माझी ओळख करून दिली, "हे आमचे परदेशी." पुढच्या स्टेशनापर्यंत माझ्या ओंजळीत भुईमुगाच्या शेंगा, दोन पेरू आणि एका म्हाताऱ्याने दिलेली तंबाखूची चिमूट होती. एका बाईने विचारलं, चावतात का? देवराव म्हणाले, "नाई. लई गरीब हाये."

यवतमाळच्या कारकुनापुढे मी माझा जन्मदाखला ठेवला. तो पोर्तुगीजमध्ये. कारकुनाने उलटा धरला, सुलटा धरला.

"काय लिहिलंय यात?"

"माझा जन्म झाला असं."

"कोण म्हणतं?"

"दाखला म्हणतो."

"वाचला कोणी?"

"मी."

"तुमचा दाखला तुम्हीच वाचून दाखवणार, तर तो दाखला कसला? पोर्तुगीज जाणणारा दुसरा माणूस आणा."

यवतमाळ जिल्ह्यात पोर्तुगीज जाणणारा दुसरा माणूस! मी हसलो. तो हसला नाही.

"म्हणजे तुम्ही परदेशी असल्याचा पुरावा नाही," तो म्हणाला.

इथे देवराव उसळले. "असं कसं म्हंता साहेब? पक्के परदेशी हायेत! मी सोता खात्री केली! दर सोमवारी सही हाये!"

"आणि इथले असल्याचाही पुरावा नाही."

"मग मी कुठला?" मी विचारलं.

कारकुनाने दाखला घडी करून मला परत दिला आणि घड्याळाकडे बघितलं. "जेवणाची सुट्टी झाली," तो म्हणाला.

परतताना गाडीत देवरावांनी माझी कुणाशी ओळख करून दिली नाही. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागलं होतं. शेवटी मीच त्यांना पेरू दिला.

डिसेंबर उजाडला. बाजाराच्या दिवशी मी ओसरीवर गालाला हात लावून बसलो होतो. सत्यभामाबाईंच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली खेमसिंग नाईक बाजाराला आले की आपले बैल बांधत. बोरी अरबच्या वाटेवरच्या बंजारा तांड्याचे ते नाईक. मी त्यांची सरकारी पत्रं वाचून देई. आज पत्र नव्हतं, म्हणून त्यांनी माझं तोंड वाचलं.

"काहून मास्तर? कोणी मेलं का?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी चिलीम झाडली.

"गोवा म्हंजे समिंदराकडं? खाली? मिठागरं हायेत तिकडं?"

"आहेत."

"अन् तुमी त्याले परदेश म्हंता?" ते इतके रागावले की त्यांच्या बैलाने मान वळवून बघितलं. "साहेबाले सांगा, खेमसिंग साक्ष द्याले येते."

अकरा तारखेला नायब तहसीलदारांपुढे सुनावणी झाली. साहेब तरुण होते आणि त्यांची इच्छा लवकर घरी जायची होती. एका बाजूला देवराव, बगलेत वही. दुसऱ्या बाजूला खेमसिंग नाईक, आणि त्यांची बहीण रामीबाई, आरशांची काचोळी नि दंडभर चुडे घालून. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिला कधीच कुणाला बोलवावं लागत नसे.

"अर्जदाराला किती वर्षांपासून ओळखता?" साहेबांनी विचारलं.

"चार पिढ्यांपासून."

साहेबांनी माझ्या वयाचा रकाना पुन्हा बघितला.

"माझा पणजा लदेणी घेऊन जाये," खेमसिंग म्हणाले. "दोनशे बैलं. इकडून पाठीवर धान्य लादाचं, तिकडून समिंदराचं मीठ आणाचं. ते मीठ आमी खाल्लं, ह्या गावानं खाल्लं, तुमच्या आज्यानंबी खाल्लं अशीन. तवा कोणी नाई म्हणला का मीठ परदेशी हाये. मंग मिठाच्या गावचा माणूस परदेशी कसा?"

"ते ठीक आहे, पण नियमाप्रमाणे बाहेरचा माणूस…"

"साहेब, बाहेरच्याचा नियम आमाले नका सांगू. आमी गोर. जे गोर नाई, ते समदे कोर. कोर म्हंजे बाहेरचे."

साहेबांनी लेखणी ठेवली. "म्हणजे मीही?"

"तुमी तं कोरच."

"आणि हे हवालदार?"

"पक्का कोर," रामीबाई म्हणाली.

देवराव ताडकन उठले. "माझा बाप ह्या गावात जन्मला!"

"आमी कुठं नाई म्हणून राह्यलो?" खेमसिंग शांतपणे म्हणाले. "राहा ना. आमी कधी तुमाले कागद मागला? पण कोर समदा गाव असून वहीत एकटा मास्तरच काहून? लिवाचं तं समद्याइले लिवा."

देवराव खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक प्रकाश पसरताना मी पाहिला. वहीत सात हजार परदेशी! साडूचा जपानी त्यांच्यापुढे कुठल्या कुठे वाहून गेला असावा. साहेबांनीही तो चेहरा पाहिला आणि घाईघाईने फाईल मिटली. "विचार करून कळवतो."

ते विचार करत असतानाच एकोणीस तारखेला गोवा मोकळा झाला.

हॉटेलातल्या रेडिओभोवती गाव जमलं. भगवानरावांनी शाळा सोडून दिली आणि माझ्या तोंडात पेढा कोंबला. उकंडा कोट घेऊनच आला. नको म्हटलेला तो कोट त्याने शिवून ठेवला होता, आणि आता "आनंदाचा" म्हणून माझ्या अंगावर चढवला. बाह्या कोपरापर्यंत. सत्यभामाबाई एवढंच म्हणाल्या, "म्या सांगतलं होतं, हालू नोका." मला आई आठवली, आमच्या अंगणातली विहीर आठवली, आणि मी कोटाच्या बाहीने डोळे पुसायला गेलो तर बाही पोचेना.

दुपारी देवराव आले. पूर्ण गणवेशात, बगलेत लाल फडकं.

"अभिनंदन, मास्तर," ते म्हणाले. आवाज साधा नव्हता. "नोंद बंद करा लागते. इथं रकाना हाये: परकीय इसम कोठे गेला."

"मी कुठेच गेलो नाही."

"गेले नाई तं नोंद बंद कशी होईन?"

आम्ही दोघं ओसरीवर बसून बराच वेळ त्या रकान्याकडे बघत राहिलो. सत्यभामाबाईंनी दोन चहा आणले. मला पुन्हा पितळी पेला होता, बशी देवरावांना. शेवटी देवरावांनी टाक बुडवला आणि त्या सुंदर अक्षरात लिहिलं: 'देश गेला. इसम येथेच.' शाई वाळेपर्यंत त्यांनी वही मिटली नाही.

आता दाखला म्हणजे हातचा मळ, असं समजून मी सव्वीस तारखेला तहसीलला गेलो. कारकुनाने बोटं मोजली.

"तुम्ही भारतीय होऊन दिवस किती झाले?"

"सात."

"रहिवासाला तीन वर्षं लागतात. चौसष्टच्या डिसेंबरात या."

"पण मी इथे तीन वर्षांपासूनच आहे!"

"होते. पण तेव्हा परकीय इसम होते. हवालदारांच्या वहीत आहे."

एकतीसला रविवार होता. म्हणजे माझ्या हातात चार दिवस, आणि भगवानरावांच्या टेबलावर जाहिरातीचा कच्चा मसुदा. त्यांनी तो मलाच तपासायला दिला, कारण त्यात 'गणित' शब्द होता.

मी खेमसिंगांना निरोप पाठवला, तोही नुसता कळावं म्हणून.

एकोणतीसला सकाळी तहसीलच्या आवारात बैलगाड्या शिरायला लागल्या. एक, दोन, नऊ, चौदा. बायका, म्हातारे, घोंगड्या, मडकी, दोन शेळ्या. बैल सुटले. नोटीस लावायच्या फळीखाली रामीबाईने तीन दगड मांडून चूल पेटवली.

नायब तहसीलदार पायरीवर आले. "हे काय आहे?"

"साक्ष द्याले आलो साहेब," खेमसिंग हात जोडून म्हणाले. "मास्तर सात दिवसाचा नाई, चार पिढ्याचा हाये. एकेक पिढी लिहून घ्या. पह्यली पिढी गेली, तिचं मी सांगतो. त्याले दोन दिवस लागतीन. दुसरीचं हे आमचे काका सांगतीन, ते जरा हळू बोलते."

काकांनी मान डोलवली. ती डोलायलाच अर्धं मिनिट लागलं.

"किती दिवस थांबणार तुम्ही?"

"घाई नाई साहेब. आमचे बाप-आजे जिथं उतरले तिथं सहा-सहा महिने राह्यले."

रामीबाईने गरम भाकरी साहेबांच्या हातावर ठेवली. "खाऊन घ्या. उपाशी माणसाचं अक्षर चांगलं येत नाई."

साहेब भाकरी हातात घेऊन उभे होते. तेवढ्यात कारकून त्यांच्या कानाशी लागला. मला ऐकू आलं ते एवढंच: "…आणि यांनीही इथलेच रहिवासी म्हणून दाखले मागितले तर?"

साहेबांनी दाखला पायरीवर उभ्या उभ्या लिहिला. एका हातात भाकरी असल्याने कागद कारकुनाच्या पाठीवर ठेवावा लागला. 'अर्जदार हे मौजे चिचगव्हाण येथील रहिवासी असून, त्यांच्याविषयी अधिक चौकशीची या कचेरीस इच्छा नाही.' खाली सही, शिक्का.

मी खेमसिंगांच्या पायांशी वाकलो. रामीबाईने मध्येच धरून उभं केलं. "पाया मंग पडजो. तीन वर्सं झाले, पत्रं वाचते, पण एकडाव तांड्यावर जेवाले आला नाई हा! बस गाडीत!"

असा मी कायम झालो. कायम माणसाला काय काय मिळतं हे भगवानरावांनी मला यथावकाश सांगितलं. पहिलं मिळालं ते फेब्रुवारीत: निवडणुकीची ड्यूटी. कच्च्या माणसांना तो मान नव्हता. मला पाठवलं पुसदच्या पलीकडे, फुलसावंगीला.

सकाळी केंद्र उघडलं. रांगेत पहिल्या होत्या रुखमाबाई नावाच्या एक आजी. मी बोटाला शाई लावायला त्यांचा हात धरला, तेव्हा त्यांनी मला निरखून विचारलं, "कोठचा रे तू, बावा?"

या प्रश्नाला इतक्या ताठ मानेने उत्तर द्यायची माझी आयुष्यातली ती पहिलीच वेळ. "चिचगव्हाणचा, आजी."

"कुठं आलं ते?"

"दारव्ह्याकडे."

आजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, पदर सावरला आणि मागे वळून रांगेला सांगितलं, "अवो बायाहो, दारव्ह्याकडून आणलं हो याले, इतक्या दुरून! आपापलं बोट नीट पाहून घ्या. परमुलखातला माणूस हाये."

मी त्यांच्या बोटाला शाई जरा जास्तच काळजीपूर्वक लावली.